चोवीस हजारांचा बाप

“फाडलास? माणूस लिहून देत होता आणि तू कागद फाडलास?” आमच्या वकीलबाईंच्या ऑफिसात मामाने ग्लास एवढ्या जोरात आपटला की अर्धा चहा त्यांच्या फायलीवर सांडला.

“पंधरा लिहिलं होतं त्याने,” मी म्हणालो. “बाबा चोवीस आणायचे.”

“अरे, पण चोवीसचा कागद कुठाय? कागद पंधराचाच होता ना, दीडशहाण्या!”

वकीलबाई फाईल पुसायला लागल्या. आई खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर समोरची भिंत, बाकी काही नाही.

बाबा काचा बसवायचे. उंच इमारतींना, बाहेरून, दोरांच्या पाळण्यात उभं राहून. अकराव्या मजल्यावर कधी पाय सटकला नाही आणि गेले ते जमिनीवर. दीड वर्षापूर्वी साईटच्या गेटात सिमेंटचा मिक्सर रिव्हर्स आला, मागे बघायला कोणी नव्हतं. चूक मिक्सरवाल्याची, हे त्याची विमा कंपनीही मान्य करते. भांडण आहे ते फक्त किती पैसे द्यायचे याचं.

त्याचा हिशेब वकीलबाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवला. महिन्याची कमाई गुणिले बारा. त्यातला चौथा हिस्सा वजा, कारण माणूस तेवढं स्वतःवर उडवतो असं धरतात. (बाबा वर्षाला एक चप्पल घ्यायचे. पण कोर्ट त्यांना कुठे ओळखतं!) उरलं ते गुणिले चौदा, कारण वय बेचाळीस. मी शाळा सोडली म्हणजे मला गणित येत नाही असं कोणी समजू नये. चोवीस हजारांनी तीस लाख चोवीस हजार होतात.

आम्हाला चौदा लाख पुरतात. घरमालक आमची खोली विकतोय. तुम्ही आधीचे म्हणून चौदा लाखांत देतो, वर्ष संपेपर्यंत थांबतो, नाहीतर सामान उचला, म्हणतो. आजी अंथरुणावरून उठत नाही, तिला उचलून न्यायचं कुठे? ‘विकणे आहे’ची पाटी त्याने आमच्याच दारावर चिकटवलीय. माझ्या धाकट्या बहिणीने, चिमणीने, तिच्यावर पाढ्यांचा तक्ता लावलाय.

पण चोवीस हजार दाखवायचे कशावरून? बाबांना शनिवारी हातात रोख मिळायचं, बस. म्हणून मी ठेकेदाराकडे गेलो. त्याला सगळे टेप म्हणतात, कारण कमरेला मोजायचा टेप असतो आणि बोलताना तो खटकन ओढतो, खटकन सोडतो.

“माझ्या वहीत तुझ्या बाबांचं नाव नाही रे पोरा,” खटकन. “कोणाचंच नाही. नावं घातली तर मलाच दहा जण विचारायला येतील.”

मी तीन दिवस त्याच्या गोदामाच्या पायरीवर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी कंटाळला बिचारा आणि लिहिलं. महिना पंधरा हजार. “एवढं लिहिलं तर माझ्या अंगाशी येत नाही.”

पंधरा हजारांनी अठरा लाख नव्वद हजार होतात. खोली घेऊन वर आजीची औषधं. पण तेव्हा गुणाकार सुचलाच नाही. दिसलं ते एवढंच, की बाबांचे महिन्याचे नऊ हजार हा बसल्या जागी गिळतोय. डोकं सटकलं. “ते बाहेर लटकायचे तेव्हा तू आत पंख्याखाली बसायचास,” म्हणालो आणि कागदाचे चार तुकडे केले.

टेप चिडलासुद्धा नाही. “बरं झालं,” म्हणाला. “सुटलो मी.”

“जा, पाय धर त्याचे,” हे सगळं ऐकून मामा म्हणाला.

“दोनदा जाऊन आलो. गोदामाला कुलूप आहे. फोन बंद.”

मग वकीलबाईंनी टेबलावर दुसरा कागद ठेवला. विमा कंपनीच्या वकिलाने माझ्या शाळेतून काढलेला. फी माफीचा अर्ज. पालकाचं मासिक उत्पन्न: पाच हजार. खाली बाबांची सही, वर अक्षर माझं, सातवीतलं. सहा हजारांच्या आत असेल त्यालाच माफी मिळायची. शाळेच्या फीच्या खिडकीतला क्लार्क म्हणाला होता, सगळे पाचच लिहितात. मी लिहिलं. बाबांनी साईटवर हातमोजा काढून, न वाचता सही ठोकली.

पाचने सहा लाख तीस हजार होतात.

“मी सांगतो ना कोर्टात, मीच लिहिलं म्हणून!”

“सांग की,” वकीलबाई म्हणाल्या. “मग तो विचारेल, तेव्हा फी वाचवायला खोटं लिहिलंस, तर आज पैशासाठी खोटं बोलत नाहीस कशावरून?”

मी तो अर्ज फक्त उलटा करून ठेवला. मी! उलट उत्तरं देतो म्हणून ज्याला अर्धं वर्ष वर्गाबाहेर उभं केलं, तो.

“त्यांना खोटारडे म्हणायचं नाही,” आई पहिल्यांदाच बोलली. “सही त्यांची आहे.”

“आई, मग पाच हजारांत आपण पाच जण काय हवा खात होतो?”

“तेही बोलायचं नाही. सगळ्यांसमोर.”

“मग आज साक्षीत बोलायचं काय मी?”

मामा ग्लासाच्या तळाशी काही उरलंय का बघत बसला. वकीलबाईंनी घड्याळ बघितलं आणि आम्ही सगळे खाली उतरून कोर्टात आलो.

आता बाहेरच्या बाकावर बसलोय. शेजारी विमा कंपनीचा वकील आहे. वाटलं होतं कोणी खत्रूड म्हातारा असेल, पण हा मामापेक्षा लहान, बिस्किटं खातोय. एक मलाही पुढे केलं. मी घेतलं नाही. रागाने नाही. राग यायला हवा होता, पण येईना.

“तुझे वडील फार चांगले कारागीर होते म्हणे,” तो म्हणाला.

“मग तेवढं लिहून द्या.”

तो हसला. वाईट नाही हसला, तेच जास्त लागलं. हात झटकून त्याने फाईल उघडली. त्यात सगळ्यात वर माझंच अक्षर.

चोवीस म्हणालो तर कागद नाही. पंधरा म्हणालो तर तोही नाही, तो मीच फाडला. पाच म्हणालो तर कागद आहे, सही आहे, सगळं आहे. आईला विचारलं, “काय सांगू?” तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं फक्त.

शिपायाने पुकारा केलाय. मामा उठला, आई उठत नाहीये. मला जायला हवं आता.