अस्तराची टोपली

मित्रांनो, मला उचलून नाकाशी धरलेत तर आधी साबणाचा वास येईल, मग उन्हाचा आणि सगळ्यात शेवटी कोंबड्यांचा. मी वेताची एक जुनी टोपली आहे. माझा एक कान तुटला आहे, झाकण सुतळीने बांधले आहे आणि कडेचा एक वेत मोडका आहे. या घरात मला अकरा वर्षे झाली. त्यातली सात वर्षे मी दवाखाना म्हणून काढली. दवाखान्यात नव्हे, दवाखाना म्हणून. ते कसे, ते सांगते.

मला विणणारा माणूस कमी बोलायचा आणि घट्ट विणायचा. वेत पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की गुडघ्यावर वाकवायचा आणि दातात सुतळी धरून कड बांधायचा. माझी वीण इतकी दाट आहे की सुई शिरायला जागा नाही, असे तो गिऱ्हाइकांना सांगे. ही थाप होती. सुई शिरण्याइतकी जागा होती, आणि पुढे तीच नडली.

मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने विकत घेतले. या घरची ती सून. तिच्या मशीनशेजारी मी चार वर्षे उभी होते. लोकांचे शिवायला आलेले कपडे माझ्यात असत. मग माझा कडेचा वेत मोडला, आणि एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या सदऱ्याची बाही त्यात अडकून टर्रकन फाटली. गिऱ्हाईक खूप बोलले. त्याच दिवशी माझी रवानगी परसात झाली. तिथे मी उपडी पडून राहिले. माझ्यावर बसून कोंबड्या पंख साफ करत, आणि त्यापुढे काय करत, ते सांगण्यासारखे नाही.

कोंबड्या नऊ होत्या. त्या सासूच्या. सासू म्हणजे चाळीस वर्षे मोठ्या दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई. डॉक्टर येतात आणि जातात, आया तिथेच असते, असे ती सांगे. गुडघे गेल्यावर ती घरी बसली. पण बसली म्हणजे काय, तर परसातल्या स्टुलावर बसली आणि नऊ कोंबड्यांचा वॉर्ड चालवू लागली. कोणी किती खाल्ले, कोणाची शीट पातळ झाली, कोण कोपऱ्यात मान पाडून उभी आहे, हे ती डोळ्यांत तेल घालून बघे.

माझी पहिली पेशंट पिवळी. सून खोली झाडून चिंध्या आणि दोरे परसात टाकायची. त्यातला एक दोरा पिवळीच्या बोटाभोवती गुंडाळला गेला आणि मांसात रुतला. बोट सुजले. दोरा कापताना रक्त आले, आणि लाल ठिपका दिसताच बाकीच्या आठजणी चोची मारायला धावल्या.

"हिला आधी वेगळी काढ," सासू म्हणाली. "रक्त दिसलं की या सख्ख्या बहिणीला ओळखत नाहीत."

"ठेवू कुठे, आई?"

"ती काय, टोपली लोळतेय ना तिथे."

मिठाच्या कोमट पाण्याने बोट धुतले, वर जांभळे औषध लावले, माझ्या बुडाशी मऊ चिंध्या घातल्या आणि पिवळीला आत ठेवले. मी कोंबडी आणि बाहेरच्या चोची यांच्यामध्ये उभी राहिले. आठव्या दिवशी पिवळी तुरुतुरु चालत बाहेर पडली. सुनेने त्यानंतर एकही दोरा परसात टाकला नाही. मशीनपाशी तिने एक डबा ठेवला.

तेव्हापासून परसात कोणाला काही झाले की हाक यायची, "टोपली आण." खादाड नावाच्या कोंबडीने लांबलचक गवत गिळले आणि तिच्या गळ्याखालची पिशवी दगडासारखी टणक झाली. सासूने तिला मांडीवर घेऊन तास-तासभर ती पिशवी चोळली. मधल्या वेळात खादाड माझ्यात उपाशी बसून मला शिव्या घालत असे. एकीचे अंडे अडले, तिला कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवून मग माझ्यात अंधार करून ठेवली. एकीच्या तळव्यात गळू झाले. बहुतेकजणी बऱ्या झाल्या, दोघी गेल्या. त्या दोघी माझ्यातच गेल्या, आणि सासूने त्यांच्यावर चादर ओढावी तशी चिंधी ओढली. दवाखान्यात सगळे बरे होत नाहीत, हे तिला ठाऊक होते. मला ते तिच्याकडून कळले.

सुनेला माझ्या मोडक्या वेताचा राग होता. कोंबडीचे पंख त्यात अडकायचे. एका दुपारी तिने माप घेऊन मला आतून जाड कापडाचे अस्तर शिवले. तळ गोल, बाजू सरळ, वर दुमड आणि कडेला बारीक टाके. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. सासू अंथरायच्या चिंध्या दर पेशंटनंतर उकळत्या पाण्यात घालायची, त्या वाळवून, घडी करून ठेवायची. अस्तर मात्र शिवलेलेच होते. वरून ओल्या फडक्याने पुसले की लख्ख दिसे.

माझे नाव शेजारी पोचले. कुंपणापलीकडे एक सुतार राहतो. त्याच्याही पाच-सहा कोंबड्या आहेत. तो एक दिवस दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमची ती दवाखान्याची टोपली द्या ना चार दिवस. माझी तांबडी लंगडतेय."

"टोपलीने काय होणार, भाऊ? औषध करावं लागतं."

"ते करतोच हो. पण मावशींच्या टोपलीत ठेवली की गुण येतो म्हणतात."

सासूने ते ऐकले आणि ती इतकी खूश झाली की मला स्वतः उचलून त्याच्या हातात दिले. चार दिवसांचे पंधरा झाले. मी परत आले तेव्हा सासूने चिंध्या उकळल्या, अस्तर पुसले आणि मला जागेवर ठेवले. तांबडीचा पाय बरा झाला होता. सगळे माझे गोडवे गात होते.

त्यानंतरची पहिली पेशंट भित्री. तिच्या पाठीवर चोचीची लहानशी जखम होती. सहाव्या दिवशी भित्री गेली. वय झाले होते, असे सगळे म्हणाले. मग महिन्याभराने कारभारीण आली.

कारभारणीबद्दल सांगायला हवे. एकदा एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. बाकीची अंडी फुटून दोन दिवस झाले तरी एक तसेच राहिले होते. आई पिल्लांना घेऊन उठून गेली. सासूने ते अंडे पदरात गुंडाळून पोटाशी धरले, आणि संध्याकाळी त्यातून एक काळे पिल्लू बाहेर पडले. तीच पुढे सगळ्या कोंबड्यांवर सत्ता गाजवणारी कारभारीण. रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडायची, आणि सासू गुडघ्यांवर हात टेकून, कुरकुरत का होईना, उठायची. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. सुनेने विनवून पाहिले होते. पण ती उठायची फक्त त्या कोंबडीसाठी.

कारभारणीला कुंपणाची तार लागून पंखाखाली खरचटले होते. एवढेसेच. "चार दिवसांत बाहेर काढू," सासू म्हणाली. पण तिसऱ्या दिवशी कारभारणीचा तुरा फिका पडला. चौथ्या दिवशी पांढुरका दिसू लागला. जखम सुकत होती आणि कोंबडी खंगत होती. दिवसा तिला वेगळ्या कोपऱ्यात उन्हाला सोडत, तेव्हा ती थोडे दाणे टिपायची. सकाळी मात्र मान टाकलेली असायची. सासूने तिला साखर-मिठाचे पाणी पाजले, उकडलेल्या अंड्याचा बलक भरवला आणि ऊब मिळावी म्हणून दिवसाही माझ्यातच ठेवायला सुरुवात केली. ती जितकी खंगत गेली, तितकी जास्त वेळ माझ्यात राहिली.

"ही गेली ना, तर उरलेल्या सगळ्या सुताराला देऊन टाक," सासू सातव्या दिवशी म्हणाली.

"असं नका हो बोलू."

"कशाला उठायचं मग मी सकाळी?"

सून तडक कुंपणाकडे गेली. तिने सुताराला गाठले, आणि त्याने आपल्या ओळखीतल्या गुरांच्या डॉक्टरीण बाईंना फोन केला.

आता मला एक कबुली द्यायची आहे. मला काही कळत होते का? कळत होते आणि कळत नव्हते. सुताराकडून आल्यापासून अंधार पडला की माझ्या विणीत काहीतरी हलायचे, अस्तरामागून वर सरकायचे आणि उजाडायच्या आत परत फटींमध्ये शिरायचे. कोंबडी रात्रभर चुळबुळ करायची. आणि मला काय वाटावे? सगळ्यांची वाहवा ऐकून मी इतकी फुगले होते की मला वाटले, माझ्यात जीव आला.

डॉक्टरीण बाई दुपारी आल्या. तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी कारभारणीचे डोळे पाहिले, तोंड उघडून पाहिले, जखम पाहिली, शीट पाहिली.

"रक्त कमी झालंय हिचं. दिवसा कशी असते?"

"दिवसा जरा बरी असते," सून म्हणाली.

"आणि सकाळी?"

"सकाळी मान टाकून."

"रात्री कुठे झोपते?"

दोघींनी माझ्याकडे बोट दाखवले. डॉक्टरीण बाईंनी मला उन्हात ओढले. अस्तराच्या दुमडीवर अंगठा दाबून फिरवला आणि उलटा करून दाखवला. अंगठ्यावर लाल रेघ होती. मग त्यांनी सुनेकडून कात्री मागितली आणि एका बाजूचे टाके उसवले. अस्तराच्या मागे, माझ्या प्रत्येक फटीत, मोहरीहून बारीक तांबडे किडे दाटीवाटीने बसले होते.

"आजी, कोंबडी आजारी नाही. टोपली आजारी आहे. हे दिवसा लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. उपाशीसुद्धा महिनोन्‌महिने जगतात."

सासूचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे भित्री..." ती म्हणाली.

"असू शकेल," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

"अस्तर मी शिवलं, आई," सून म्हणाली. "काढता येईल असं शिवायला हवं होतं."

"गप गं. चाळीस वर्षं मी खाटा धुतल्या. दुसऱ्याच्या घरून आलेली टोपली मी धुतली नाही. वरून पुसून ठेवली."

कारभारणीला फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, घरातल्या ओसरीवर हलवले. अंगाला पावडर चोळली, रक्त भरण्याचे औषध दिले. बाई म्हणाल्या की आठ दिवस कळणार नाही, जगेल किंवा जाईल. खुराड्याच्या फळ्यांच्या सांध्यांतही थोडे किडे सापडले, तेव्हा सुताराने सगळे खुराडे खोलून धुतले आणि मग मान खाली घालून स्वतःच्या घरचेही खोलले. जाताना बाईंनी माझ्याकडे बघून सांगितले, "ही मात्र जाळून टाका."

सुताराने मला उचललेसुद्धा. "मी फळ्यांचं छान खोकं करून देतो, मावशी."

"खाली ठेव," सासू म्हणाली. "खाटेवर माणूस दगावलं म्हणून दवाखान्यात खाट जाळत नाहीत. धुतात. डॉक्टरीणबाई, धुऊन जातील का?"

"जातील. पण एकदा धुऊन भागणार नाही. अंडी राहतात, ती फुटतात. आठवड्याने परत, मग परत. कंटाळा येईल तुम्हाला."

"मला येत नाही," सासू म्हणाली.

मित्रांनो, मला झालेले दुःख सांगून तुम्हाला रडवायचे नाही, पण उकळते पाणी ते उकळतेच असते. आधी अस्तर पूर्ण फाडून चुलीत घातले. मग पातेल्यामागून पातेले माझ्यावर ओतले गेले. सासू स्टुलावर बसून जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक फट घासत होती. सून पाणी आणून देत होती. माझा रंग गेला, आकार थोडा वाकडा झाला, एक वेत नव्याने मोडला. मग दिवसभर ऊन. पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. गुडघे दुखत होते तरी सासूने तो ब्रश कोणाच्या हातात दिला नाही. भित्रीचे नाव तिने काढले नाही. पण ती ते विसरली नव्हती, आणि मीही नाही.

दुसऱ्या आठवड्यात, मी उन्हात उपडी असताना, ओसरीवरून ओरडण्याचा आवाज आला. बारीक आणि घोगरा होता, पण हुकमी होता. कारभारणीच्या तुऱ्यावर किंचित लाली दिसत होती. सासूच्या हातातला ब्रश खाली पडला. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, कुरकुरली आणि आत गेली. सुनेचा जीव भांड्यात पडला. ती माझ्याजवळच बसली आणि रडली.

कारभारीण आता इतरांवर सत्ता गाजवत नाही. आजारपणात तिची जागा खादाडने घेतली. पण रोज सकाळी दारात यायचे काम तिने सोडलेले नाही.

मी पुन्हा कामाला लागले आहे. अंगावर अस्तर नाही. पेशंट असली तर आत फक्त चिंध्या घालतात. पेशंट असो वा नसो, दर रविवारी सासू एक पांढरे फडके घेऊन येते, ते माझ्या विणीवरून दाबून फिरवते आणि उजेडात धरून बघते. एकही फट सोडत नाही. सुताराने परवा मला मागितले, तेव्हा ती म्हणाली, "देईन. पण येताना उकळत्या पाण्यातून काढून आण, आणि मी परत उकळणार आहे."

मित्रांनो, आजाऱ्याची काळजी घेता तेव्हा त्याची खाट, त्याची टोपली, त्याला भरवायचा चमचा यांच्याकडेही बघा. ज्याची सगळे वाहवा करतात त्याच्याकडे तर आधी बघा. पूर्वी मला सगळे चांगली म्हणत आणि कोणी माझ्या आत बघत नसे. आता माझ्यावर दर आठवड्याला संशय घेतला जातो. म्हातारीचे ते फडके विणीवरून फिरते तेव्हा मी श्वास रोखून असते, आणि ते पांढरेच निघाले की ती मला दोनदा थोपटते.