गजाननरावांचा जलासुर

गजाननराव परचुरे त्या दिवशी कॉलेजात गेले ते भांडायला नव्हे. फक्त स्पष्ट शब्दांत एवढंच सांगायचं होतं, की लीना नाच शिकेल, परीक्षा देईल, पण चार लोकांपुढे स्टेजवर नाचणार नाही.

नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याला आल्याला त्यांना तीन वर्षं झाली होती. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत ते वरच्या हुद्द्यावर होते. सहा फूट उंची, दार भरून टाकणारे खांदे, आणि आवाज असा की ते हावड्याला फोन लावत तेव्हा शेजारच्या खोलीतले कारकून म्हणत, साहेबांना मधे तार कशाला लागते. पंधरा वर्षांच्या लीनाला भवानीपूरच्या नृत्य-संगीत महाविद्यालयात घातलं ते तिच्या आईने, कालिंदीबाईंनी. गजाननरावांनी तेव्हा मान हलवली होती, कारण त्यांना वाटलं होतं, शिकून शिकून पोरगी शिकेल काय, तर दोन गिरक्या.

पण पौष लागायच्या सुमाराला घरात एक छापील कागद आला. कॉलेजचा हिवाळी हंगाम. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत गाण्याच्या बैठका, सतारीच्या मैफली, आणि ‘नदीहरण’ या नृत्यनाट्याचे सहा प्रयोग. नदी गिळून बसलेला जलासुर, आणि त्याला बाण मारून नदी मोकळी करणारी राजकन्या. राजकन्येच्या नावापुढे लीना परचुरे. त्यात एक जागा अशी होती, की जलासुर राजकन्येचं मनगट धरतो. आणि जलासुर होता बावीस वर्षांचा एक धडधाकट विद्यार्थी.

हे कळल्यावर गजाननरावांना रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ट्रामने भवानीपूरला पोचले.

प्राचार्या सुचित्रादी म्हणजे पांढऱ्या साडीतली, साठीला आलेली, चणीने लहानशी बाई. त्यांनी गजाननरावांना बसायला सांगितलं, चहा मागवला. गजाननराव बसले नाहीत. उभ्या उभ्याच हिंदीत म्हणाले, “माझी मुलगी स्टेजवर येणार नाही.”

सुचित्रादींनी डोळे मिटून घेतले. बाईंना वाईट वाटलं असावं, असं गजाननरावांना वाटलं.

“पुन्हा एकदा म्हणा,” सुचित्रादी म्हणाल्या.

“माझी मुलगी स्टेजवर येणार नाही.”

“त्या पलीकडच्या दाराकडे बघून म्हणा पाहू.”

गजाननराव हुकूम देणारे होते तसे पाळणारेही होते. त्यांनी दाराकडे बघून म्हटलं. दार उघडलं, आणि गळ्यात ढोल अडकवलेले एक म्हातारे गृहस्थ काय झालं ते बघायला आत आले. हे कॉलेजचे ढोलवादक शशधरबाबू. सुचित्रादी त्यांना बंगालीत एवढंच म्हणाल्या, “सापडला.”

मग उलगडा झाला. कॉलेजच्या जलासुराला आदल्याच दिवशी जमशेदपूरला नोकरी लागली होती. पहिला प्रयोग नऊ दिवसांवर होता.

“पोरोचुरेबाबू,” सुचित्रादी म्हणाल्या, “परका मुलगा तुमच्या मुलीचा हात धरतो, हीच ना तुमची तक्रार? मग तुम्ही धरा. वडिलांइतका सभ्य राक्षस मला दुसरा कुठे मिळणार?”

गजाननरावांनी आणलेल्या सगळ्या मुद्द्यांची एकदम वासलात लागली होती. चहा आला तेव्हा ते खाली बसले. दुसरा कोणी मिळेपर्यंतच, असं त्यांनी तीनदा बजावलं. सुचित्रादींनी तिन्ही वेळा मान डोलावली.

घरी आल्यावर कालिंदीबाईंनी विचारलं, “सांगितलंत का?”

“सांगितलं,” गजाननराव बूट काढत म्हणाले. “मी राक्षस झालोय.”

“कॉलेजात ना?” कालिंदीबाईंनी खात्री करून घेतली.

लीना मात्र दाराशी उभी राहून रडवेली झाली. “बाबा, माझ्या सगळ्या मैत्रिणी असतात तिथे.”

“म्हणूनच,” गजाननराव म्हणाले. म्हणूनच काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहिला प्रयोग कॉलेजच्याच सभागृहात झाला. गजाननरावांना पाय रोवून चालायचं, तीनदा हसायचं, मनगट धरायचं आणि बाण लागल्यावर पडायचं, इतकंच काम होतं. चालणं बरं झालं. हसणं तर असं झालं, की पहिल्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. पण शेवटी घोटाळा झाला. शशधरबाबूंनी ढोलावर जी थाप मारली ती बाणाची, असं समजून गजाननराव धाडकन पडले. राजकन्या अजून धनुष्य उचलत होती. लीनाने दोन क्षण विचार केला आणि पडलेल्या बापाला नेम धरून बाण मारला. सभागृहात खसखस पिकली.

ट्राममधून परतताना लीना खिडकीबाहेर बघत होती. “बाबा, बाण लागल्यावर मरायचं असतं,” ती म्हणाली. “आधी नाही.”

हे गजाननरावांच्या मनाला लागलं. रेल्वेत गाडी वेळेआधी सुटली तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दुसऱ्या प्रयोगाला, हावड्याच्या एका शाळेत, त्यांनी ठरवलं की काही झालं तरी घाई करायची नाही. बाण छातीवर येऊन आदळला. गजाननराव उभेच राहिले. आता पडावं की थोडं थांबावं, या विचारात त्यांचा तोल गेला, ते दोन पावलं मागे गेले, मग सावरले, मग पुन्हा झोकांडी खाल्ली. समोरच्या काळोखातून तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला.

तो आवाज गजाननरावांनी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. कचेरीतली माणसं त्यांच्यापुढे श्वास रोखत, पण तो निराळा. ते आणखी एकदा झोकांडले. पुन्हा तो आवाज. मग गुडघ्यावर आले, छातीवर हात ठेवला, आणि सावकाश, मनाविरुद्ध, पालथे पडले. टाळ्या पडल्या. तोंड जमिनीत खुपसून पडलेला जलासुर मनातून भलताच खूश होता.

त्या दिवसापासून दुसऱ्या राक्षसाची चौकशी त्यांनी केली नाही.

घरात सराव सुरू झाला. कचेरीतून आले की चहा घेऊन ते आतल्या खोलीत गादी पसरत आणि आरशासमोर मरत. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. खालच्या मजल्यावरच्या मद्रासी कुटुंबाने एकदा निरोप पाठवला, की कपाट हलवत असाल तर आम्ही मदतीला येतो. कालिंदीबाई दाराशी येऊन म्हणत, “अहो, लवकर मरा. भात निवतोय.”

“कलेत घाई चालत नाही,” आतून उत्तर येई.

“आणि भातात उशीर चालतो होय?”

लीना अभ्यासाच्या वहीतून डोकं वर काढत नसे. तीन वर्षांत तिच्या मराठीत बंगाली चांगलंच मुरलं होतं. एरवी ती आल्या-गेल्याला विचारी, “चहा खाणार का?” आणि गजाननराव तिला न चुकता दुरुस्त करत. आता ते दुरुस्त करायचेही विसरू लागले.

तिसऱ्या प्रयोगाला मरण दोन मिनिटांवर गेलं. चौथ्याला जलासुर पूर्ण पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो पुन्हा उठला. शशधरबाबूंची पंचाईत अशी, की जलासुराचा जीव जाईपर्यंत ढोल थांबवायचा नाही, असं नाटकातच ठरलेलं होतं. चौथ्या प्रयोगानंतर रंगपटात ते मनगटं गरम पाण्यात बुडवून बसले. “साहेब,” ते अदबीने म्हणाले, “माझं वय पासष्ट आहे. पुढच्या वेळी कदाचित मी आधी जाईन.” निळं कापड धरून विंगेत उभ्या असलेल्या सहा मुली, म्हणजे नदी, हात चोळत होत्या.

पण लोकांना ते आवडत होतं, त्याला काय करणार? भवानीपुरात पानवाल्याच्या दुकानावर माणसं सांगत, तो लंबा मराठी बाबू काय मरतो. पाचव्या प्रयोगाला साडेपाच मिनिटं लागली. त्या सभागृहात पुढे दुसरा कार्यक्रम होता, त्यामुळे वेळ संपताच पडदा पडला. गजाननराव टाळ्यांच्या गजरात उठले, अंग झाडलं, आणि लोकांची शाबासकी घेत बाहेर आले.

त्या रात्री लीना जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गजाननराव गादी पसरत असताना लीना आत आली आणि गादीवर बसली. म्हणजे आता मरायला जागा राहिली नाही.

“बाबा, एक विचारू? तुम्ही मेल्यावर पुढे काय होतं?”

“पुढे? नदी येते. निळं कापड.”

“आणि मग?”

गजाननरावांनी आठवून पाहिलं. मग ते पालथे पडलेले असत. डोळे मिटलेले, कान टाळ्यांकडे. “मग पडदा पडतो,” ते म्हणाले.

“पडद्याच्या आधी माझा नाच असतो,” लीना म्हणाली. “नदी मोकळी झाल्यावर राजकन्या एकटी नाचते. चार मिनिटं. सगळं नाटक त्याच्यासाठी आहे. मी ऑगस्टपासून तेच शिकतेय. काल तो झालाच नाही. त्याच्या आधीच्या वेळी निम्मा झाला.” ती रडत नव्हती. एखादं गणित समजावून सांगावं तशी सांगत होती. “तुम्ही एकदाही बघितलेला नाही.”

ती उठून गेली. पोरीला लोकांपुढे नाचू द्यायचं नाही म्हणून गजाननराव घराबाहेर पडले होते. आणि पाच प्रयोगांत त्यांनी ते, एक शब्दही न बोलता, साधून दाखवलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी स्वतःच गादी गुंडाळून ठेवली.

कालिंदीबाई कणीक मळत होत्या. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“रोज सांगत होते की लवकर मरा म्हणून,” कालिंदीबाई म्हणाल्या. “तुम्हाला वाटलं, भातासाठी.”

शेवटचा प्रयोग फेब्रुवारीच्या अखेरीला, भाड्याने घेतलेल्या एका मोठ्या थिएटरात होता. नेमके त्याच दिवशी कचेरीतले मोठे साहेब सहकुटुंब पहिल्या रांगेत येऊन बसले. त्यांनी रंगपटात येऊन सांगितलं, “परचुरे, माझ्या मेव्हण्यांना खास धनबादहून बोलावलंय. तुमचं मरण बघायला.” गजाननरावांच्या तोंडाला काळा-निळा रंग फासलेला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा कसा झाला ते कोणाला दिसलं नाही.

जलासुर आला, पाय रोवून चालला, तीनदा हसला. मनगट धरलं, तेव्हा लीनाच्या हाताला घाम फुटला होता, आणि ते धरणं नेहमीपेक्षा जरा हलकं झालं. मग तिने धनुष्य उचललं. शशधरबाबूंनी बाह्या सरसावल्या आणि मोठा श्वास घेऊन ठेवला.

बाण लागला. जलासुर एक पाऊल मागे गेला आणि पडला. कापलेल्या झाडासारखा, सरळ. शशधरबाबूंचे हात हवेतच राहिले. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी बंगालीत ओरडलं, “उठा, दादा.” सगळीकडे हशा झाला. जलासुर उठला नाही. फक्त या वेळी तो पालथा न पडता कुशीवर पडला होता, आणि त्याचं तोंड लोकांकडे नव्हतं, स्टेजच्या मध्याकडे होतं.

निळं कापड झुळझुळत आलं. आणि लीना नाचू लागली.

गजाननरावांना नाचातलं काही कळत नव्हतं. त्यांना दिसत होते दोन पाय, घुंगरांतले, फळीवर त्यांच्या नाकापासून चार हातांवर. ते पाय त्यांच्या ओळखीचे होते. नागपूरला अंगणात त्यांचं बोट धरून पहिलं पाऊल टाकलं होतं, तेच ते. आता ते कोणाचंही बोट न धरता असं काही करत होते, की हे कोणी शिकवलं, कधी शिकली, याचा त्यांना पत्ता नव्हता. मेलेल्याने डोळे मिटायचे असतात, हे ते साफ विसरले. पहिल्या रांगेतल्या धनबादच्या मेव्हण्यांनी शेजाऱ्याला कोपर मारून म्हटलं, की राक्षसाचं प्रेत टक लावून बघतंय आणि त्याचा रंग ओघळतोय. त्यानंतर मात्र कोणी जलासुराकडे पाहिलं नाही. चार मिनिटं सगळं थिएटर लीनाकडे बघत होतं.

पडदा पडल्यावर मोठे साहेब जरा हिरमुसलेले दिसले. “परचुरे, आज तब्येत बरी नव्हती का?”

“बाण वर्मी लागला, सर,” गजाननराव म्हणाले.

रंगपटात ते खोबरेल तेलाने तोंड पुसत होते. लीना घुंगरं सोडत शेजारी येऊन बसली. विचारावं की नाही, असं तिचं चाललं होतं. शेवटी तिने विचारलं, “कसा झाला?”

गजाननरावांनी गंभीरपणे विचार केला. “छान झाला. पण दुसऱ्या गिरकीला तुझा डावा पाय उशिरा पडला.”

“नाही पडला.”

“पडला. मी तिथेच होतो.”

“तुम्ही मेला होतात, बाबा.”

“मेलो होतो म्हणून काय झालं. निदान अर्ध्या मात्रेचा उशीर होता. शशधरबाबूंना विचार.”

शशधरबाबू ढोलाला गवसणी घालत होते. त्यांनी या घरगुती प्रकरणात पडायचं नाकारलं आणि लगबगीने बाहेर गेले. लीनाला राग आला होता, पण तो पुरता येत नव्हता, कारण पाय खरंच उशिरा पडला होता आणि ते सुचित्रादींच्याही लक्षात आलं नव्हतं.

घरी जाताना खिदिरपूरच्या ट्राममध्ये, प्रयोग बघायला आलेल्या कालिंदीबाईंच्या शेजारी दोघं बसले आणि तो पाय पुन्हा निघाला. गजाननरावांनी डब्याच्या फळीवर बूट आपटून उशीर म्हणजे किती ते दाखवलं. लीनाने चप्पल आपटून ते चूक असल्याचं दाखवलं. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. कालिंदीबाईंनी मांडीवरची घुंगरांची पिशवी उचलली आणि त्या उठून पुढच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या.