निरोपाची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, राग मानू नका, पण मी जरा भिंतीला टेकूनच बोलते. माझा मागचा एक पाय चादरीच्या चिंधीने बांधलेला आहे. उसनं अवसान आणून ताठ उभं राहणं आता या वयात जमत नाही.

एका सुताराने मला जुन्या दाराच्या लाकडातून घडवलं. त्यामुळे माणसांचं येणं-जाणं माझ्या नशिबात पहिल्यापासूनच असावं. थोरल्या मालकांनी मला विकत घेतलं आणि आपल्या लाँड्रीत आणलं. दवाखान्याच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल असं सगळं तिथे धुवायला यायचं. तिथलं काम सगळं उभ्याने. धुणारा उभा, घड्या घालणारी उभी, इस्त्री करणारी तर वाफेत दिवसभर उभी. संध्याकाळी बायकांचे पाय सुजून टम्म व्हायचे.

थोरले मालक म्हणजे नुसती तिखट जीभ. चादरीवर एक सुरकुती दिसली की सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण कुणाचं काम फक्कड झालं, की मला स्वतः उचलून त्याच्या टेबलाशी आणायचे, "बस घटकाभर," म्हणायचे आणि त्याचा चहा संपेपर्यंत आपण उभे राहायचे. याउपर एक अक्षर बोलायचे नाहीत. मग दिवसभर त्या माणसाची थट्टा चालायची, "काय बुवा, आज सिंहासनावर!" आणि तो माणूस लाजत लाजत दुप्पट काम करायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक आले. स्वभावाने गरीब माणूस. वावगा शब्द कधी कुणाला बोलले नाहीत. पण चांगला शब्दही बोलले नाहीत, त्याचं काय करायचं? तोंडावर कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो, असं त्यांच्या मनात कुणीतरी भरवून ठेवलं होतं. मला त्यांनी आपल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि माझ्यावर पावत्यांचे गठ्ठे रचले. वर्षानुवर्षं मी ते गठ्ठे वागवले. लाकडाला पाठ असते मित्रांनो, आणि ती दुखतेही.

फक्त कुणी नोकरी सोडून निघालं, की माझ्यावरची धूळ झटकली जायची. मला मधोमध ठेवायचे. मशीन बंद व्हायची. जाणाऱ्या माणसाला माझ्यात बसवायचे, चहा द्यायचे, आणि मग धाकट्या मालकांना वाचा फुटायची. "तुमच्यासारखं काम आजवर कुणी केलं नाही. तुम्ही म्हणजे या लाँड्रीचा कणा!" असे किती कणे माझ्यात बसून गेले, काय सांगू. एकेक कणा दारातून बाहेर पडत होता आणि लाँड्री वाकत चालली होती.

कामगारांनी माझं नावच पाडलं, निरोपाची खुर्ची. पाय कितीही भरून आले तरी कुणी माझ्याकडे फिरकेना. "नको गं बाई, त्यात बसलीस तर कायमची घरी बसशील," असं एकमेकींना बजावायच्या. खुर्ची असून मला कुणी टेकेना. याहून वाईट ते काय असणार?

मग समोरच्या मोठ्या हॉटेलाने स्वतःची लाँड्री काढली आणि आमची माणसं एकेक करून तिकडे ओढायला सुरुवात केली. घड्या घालणाऱ्या ताई निघाल्या, त्या दिवशीची गोष्ट. त्या माझ्यात बसल्या. मालकांनी तोंड भरून कौतुक केलं. ऐकता ऐकता ताई रडायला लागल्या. मालकांना वाटलं, सुखाने रडतायत. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मालक, हेच मागच्या वर्षी बोलला असतात तर मी गेले नसते हो. मला तर वाटायचं, तुम्हाला माझं काम आवडतच नाही."

सगळे पांगल्यावर मालक कितीतरी वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

आता जुन्या माणसांत उरल्या होत्या इस्त्रीवाल्या काकू. त्यांचा हात असा, की चादरीने सुरकुतायची हिंमत करू नये. दवाखान्याचं काम टिकलं होतं ते काकूंच्या हातावर. त्या गेल्या असत्या तर लाँड्रीला टाळंच लागलं असतं, हे मालकांसकट सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनाही हॉटेलातून बोलावणं आलं होतं. "इथं सगळी हयात गेली, आता कुठे जाऊ," म्हणून त्यांनी ते परतवलं होतं. मालकांना मात्र याचा पत्ता नव्हता. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

दोन-चार दिवसांनी भर कामाच्या वेळी मालक मला उचलून बाहेर घेऊन आले. माझी धूळ झटकली. मला नेमकं इस्त्रीच्या टेबलापाशी ठेवलं. मशीन बंद करायला सांगितली. चहा मागवला.

मित्रांनो, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आपण पडलो लाकूड, बोलणार कसं?

काकूंनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. चेहरा पांढराफटक पडला.

"माझं काय चुकलं, मालक?"

"चुकलं? छे छे! तुमच्यासारखं काम आजवर कुणी केलं नाही," मालक म्हणाले.

झालं! चादरी पोचवणारा आमचा गाडीवाला कपाळाला हात लावून पुटपुटला, "गेल्या काकू."

"तसं नाही हो," मालक घाबरे झाले. "काकू, बसा ना. तुम्ही म्हणजे या लाँड्रीचा कणा..."

बिचाऱ्यांना कौतुकाचे दुसरे शब्दच येत नव्हते. ते जितकं बोलत होते तितके काकूंचे डोळे भरत होते. "घरी नवरा अंथरुणाला खिळलाय, हे माहीत आहे ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "काढायचं तर काढा. पण वर चहा कशाला पाजता? नको मला तो चहा!" त्यांनी अंगावरचा एप्रन काढला, नीट घडी घातली, टेबलावर ठेवला आणि त्या तडक बाहेर पडल्या.

मालकांच्या मनात काय आलं देव जाणे, त्यांनी मला उलटं करून डोक्यावर घेतलं आणि काकूंच्या मागे धावत सुटले. भर रस्त्यात! फळवाला ओरडला, "काय मालक, घर बदलताय?" लोक वळून वळून बघत होते. माझे चारही पाय आभाळाकडे. या जन्मात काय काय बघावं लागलं मला!

बसथांब्यावर त्यांनी काकूंना गाठलं. मला खाली ठेवलं, बोलायला तोंड उघडलं, पण धाप इतकी लागली होती की शब्दच फुटेना. काकू रडता रडता त्यांच्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "बसा आधी. जीव जाईल तुमचा."

मालक माझ्यात बसले. माझा मागचा पाय कडकन वाजला. त्या क्षणी मी ठरवलं होतं, आता पुरे, आता मोडून पडायचं.

"काकू," मालक कसेबसे म्हणाले, "ही खुर्ची... तुम्ही जावं म्हणून नाही आणली. राहावं म्हणून आणली. मला बोलता येत नाही हो. वडील न बोलता सगळं सांगायचे. मला तेही येत नाही. पण तुम्ही जाऊ नका."

बस आली, थांबली, काकूंना न घेताच निघून गेली. मग त्यांनी डोळे पुसले.

"खुर्चीत तर तुम्ही बसलात," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता तुम्ही चाललात की काय?"

मालकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते असे हसले, की मी त्यांच्याखाली गदागदा हलले.

"हॉटेलवाल्यांना मी केव्हाच 'नाही' म्हणून बसलेय," काकू म्हणाल्या. "पण परवा परवा मन डळमळत होतं, खोटं कशाला सांगू? मालक, पगार घरी पोचतो, पण चांगलं काम केलं की नाही ते कुणी सांगत नाही. चांगलं वाटलं तर माझ्या हातात इस्त्री असताना येऊन सांगा. मशीन बंद करून नको. आणि त्या ताईलाही बोलावून बघा. गेलेलं माणूस परत येत नाही असं थोडंच आहे?"

परत येताना दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं होतं. लाँड्रीत आल्यावर मालक म्हणाले, "हिचा पाय गेला. हिला भंगारात देऊ, टेबलापाशी ठेवायला नव्या खुर्च्या आणू."

"नव्या आणाच," काकू म्हणाल्या. "पण ही राहू दे." त्यांनी फाटक्या चादरीची पट्टी काढली आणि खाली बसून माझा पाय घट्ट बांधला. मग माझ्या हातावर थोपटलं. "दमलीस गं बाई. केवढी माणसं वागवलीस! फार चांगलं काम केलंस हो."

मित्रांनो, ताई अजून परतलेल्या नाहीत. मालक अजूनही बोलताना अडखळतात. परवा गाडीवाल्याला म्हणाले, "तू... म्हणजे... गाडी... छान," आणि पळून गेले. गाडीवाला दिवसभर शीळ घालत होता. तुमच्या घरी, तुमच्या शाळेत कुणीतरी रोज उभं राहून तुमच्यासाठी राबत असेल. त्याला निरोपाच्या चहापर्यंत ताटकळत ठेवू नका. अडखळत बोललात तरी चालेल, पण आजच बोला.

आणि माझं विचाराल, तर बसथांब्यावर मी मोडायचंच ठरवलं होतं. पण काकू "चांगलं काम केलंस" म्हणाल्या, आणि मी राहिले.