चोवीस तासांची पाटी

झाशीच्या छावणीबाहेर विश्वंभरचं नकली पायांचं दुकान होतं. भिंतीवर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी होती: 'रेज़िन चौबीस घंटे सूखेगा. ज़िद न करें.' तिच्यापुढे सुभेदारांचीही मात्रा चालत नसे. "भैया, ऊपर से पत्थर, अंदर से कच्चा. कल आइए," असं तो तोंडावर सांगे.

रविवारी सकाळी संभाजीराव आले. हातात लेकीचा, शर्वरीचा पाय. गुडघ्याखाली जिथे पाय बसतो त्या सॉकेटला तडा गेला होता.

"संध्याकाळी ग्वाल्हेरची मंडळी तिला बघायला येतायत."

"भरून देतो. पण उद्या मिळेल."

"अरे, आपल्यातलं स्थळ आहे. झाशीत आपली मराठी घरं उरलीत किती? त्यांना सांगितलंय, लहानपणी पाय मोडला होता, किंचित लंगडते. पसंती झाली की सांगू सगळं."

विश्वंभरला संताप आला. त्या खोटेपणाचा आला, त्याहून जास्त स्वतःचा, कारण 'आपल्यातलं' म्हटलं की तो विरघळायचा. दुसऱ्या कोणाला त्यानं पाटी दाखवून हाकललं असतं. तडा भरून चार वाजता तो पाय घेऊन स्वतःच त्यांच्या घरी गेला. वरून टणक लागत होता, पण रेझिनचा उग्र वास अजून गेला नव्हता. पाय बसवताना त्यानं शर्वरीला बजावलं, जिना चढू नकोस, जड ताट उचलू नकोस, बसून राहा.

"काका, खरंच सांगून टाकलं तर?" तिनं हळूच विचारलं.

पट्टा आवळत त्यानं ऐकलंच नाही असं केलं.

घरचाच म्हणून त्यालाही थांबवून घेतलं. मंडळी आली, पोहे झाले. मुलगा, चैतन्य, तिच्याशी हसून बोलला, तेव्हा विश्वंभरचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चैतन्यची आजी म्हणाली, "ये बाळ, मोठ्यांना नमस्कार कर."

विश्वंभरनं चटकन शर्वरीच्या पायाकडे पाहिलं. सगळं बजावलं आणि नमस्कार तेवढा राहिला! मराठी घरात जन्म काढूनही राहिला! वाकायचं, उठायचं, सगळा भार त्या एका जागेवर. आणि खोलीत मोठी माणसं सात.

आजी झाली, आजोबा झाले, मुलाचे आईवडील, मामा, मग संभाजीराव. शेवटचा विश्वंभर.

"राहू दे पोरी, राहू दे," म्हणत तो उठायला गेला, तोवर ती वाकली होती. सॉकेटचा तडा उकलल्याचा आवाज त्यानं सगळ्यांच्या आधी ओळखला. शर्वरी त्याच्या पायाशी कोसळली आणि साडीखालून नकली पाय निघून सतरंजीवर आडवा पडला.

मुलाची आई उठली. "हमसे झूठ बोला गया, भाईसाहब," ती संभाजीरावांना म्हणाली. इतका वेळ ती त्यांच्याशी मराठीत बोलत होती. पाच मिनिटांत दारातली गाडी निघून गेली. चैतन्यनं मागं वळूनही पाहिलं नाही.

शर्वरीनं कोणाचा हात धरला नाही. तुटका पाय मांडीवर ओढून घेतला आणि विश्वंभरकडे पाहिलं.

"काका, दुसऱ्या कोणाचा असता तर चोवीस तास थांबवलं असतंत ना?"

"हो," तो म्हणाला.