धाकटीने अडवलेली जोडणी

शहरात माणसं वाढली, इमारती वाढल्या आणि शुद्धीकरण केंद्रात न मावणारं मैलापाणी तसंच समुद्रात जाऊ लागलं. केंद्राची प्रमुख माझी धाकटी बहीण. "केंद्र वाढवल्याशिवाय नव्या इमारतींना मैलापाण्याची जोडणी मिळणार नाही," तिने ठणकावलं. त्यातल्याच एका इमारतीत मी घर घेतलं होतं.

"सख्ख्या भावालाही नाही?" मी चिडलो.

"दादा, तुला दिली तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने अडवू?"

दोन वर्षं मी भाड्याच्या खोलीत धुसफुसत काढली. अखेर केंद्र मोठं झालं.

काल किनाऱ्यावर गेलो. पाण्याला वास नव्हता. खडकांत बायका पुन्हा कालवं काढत होत्या.

"कुणी साफ केलं हो हे पाणी?" एकीने विचारलं.

"आमच्या धाकटीने!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की चार माणसांनी वळून पाहिलं.