बारा कामांचा तक्ता

"आजोबा, तुम्हाला अजून स्वतःची चड्डी स्वतः घालता येते का?"

एका दमात विचारून टाकलं. पैज म्हणजे पैज. माझ्या वर्गातल्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी, पेन्सिल आणि भोंगा, त्या वेळी माझ्या खिशातल्या फोनवरून ऐकत होत्या. मी खरंच विचारते की नुसत्या बाता मारते, हे त्यांना बघायचं होतं.

आजोबांनी अर्धा मोजा चढवलेला पाय खाली ठेवला.

"येते," ते म्हणाले. "तुझ्या बापाला सातव्या वर्षापर्यंत येत नव्हती. उलटी घालून शाळेत जायचा. पुढचा प्रश्न?"

माझ्या खिशात कुणीतरी खिंकाळलं.

"आणि खिशात घोडी पाळलीयेस का?"

मी फोन बंद केला. आजोबांनी मोजा पुन्हा चिमट्यात धरला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या दोघींनी मला डोक्यावर घेतलं. काय डेअरिंग आहे हिच्यात! मी फुगून टम्म.

त्याचं असं होतं की महिन्यापूर्वीपर्यंत मी मागच्या बाकावरची मुकी होते. मग वादविवाद स्पर्धेत कुणी नाव देईना म्हणून बाईंनी माझं घुसवलं, आणि मी पहिली आले. माईक हातात आल्यावर तोंड असं काही सुटलं की अजून बंद व्हायचं नाव नाही. तेव्हापासून आजोबा मला वकीलबाई म्हणायला लागले.

आणि तेव्हाच शाळेने ती योजना काढली. प्रत्येकाने चार आठवडे रोज एक तास एका म्हाताऱ्या माणसाला मदत करायची आणि एक तक्ता भरायचा. तक्त्यात बारा कामं होती. कपडे घालणं, चहा करून पिणं, औषधं घेणं, आंघोळ, संडास, पायाची नखं कापणं, असं सगळं. प्रत्येकापुढे तीन चौकोन: स्वतः करतात, थोड्या मदतीने करतात, जमत नाही. पहिल्या चौकोनात टिक केली तर गुण शून्य, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात तीन. ज्याचे गुण जास्त त्याची मदत मोठी. आणि ज्याची मदत मोठी, त्याला वार्षिक कार्यक्रमात दहा मिनिटं भाषण.

दहा मिनिटं माईक! मला झोप लागेना.

आजोबा आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. आजी गेल्यापासून सहा वर्षं एकटेच. ते गाडी शिकवायचे. अर्धं गाव त्यांच्याकडून स्टीअरिंग धरायला शिकलंय, म्हणून अजून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आता गुडघे कुरकुरतात, हात थरथरतात, पण डोकं आणि जीभ दोन्ही एकदम धारदार.

त्या दोन खोल्यांत त्यांनी स्वतःसाठी सगळी जुळणी करून ठेवली होती. मोजे चढवायला स्वयंपाकघरातला लांब चिमटा. पलंगाच्या पायथ्याला गाठी मारलेला दोर, तो ओढत ओढत उठून बसायचं. गोळ्या बर्फाच्या ट्रेमध्ये, वरची ओळ सकाळची, खालची संध्याकाळची. गॅसच्या बटणावर आजीच्या जुन्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, तो वर आला की गॅस बंद. खुर्चीतून उठायच्या आधी ते मोठ्यांदा म्हणायचे, "आरसा, गिअर, हँडब्रेक," आणि मग हळूच उठायचे. शर्टाला सहा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजली.

पहिल्या आठवड्यात माझा तक्ता भरला तेव्हा बारापैकी दहा टिका पहिल्या चौकोनात. गुण किती? दोन! पेन्सिलच्या आजीला तर अंथरुणातून उठताच येत नव्हतं. तिचे झाले होते पंचवीस.

"तुझं नशीबच फुटकं," भोंगा म्हणाली. "तुझ्या वाटणीला धडधाकट म्हातारा आला."

मग मी कंबर कसली. इंटरनेटवर वाचलं की म्हाताऱ्यांचं घर सुरक्षित करावं, म्हणून दोर सोडून टाकला, पाय अडकेल म्हणून. बर्फाचा ट्रे फेकला आणि वारांची नावं छापलेली छान डबी आणली. तिचं झाकण आजोबांच्या बोटांनी उघडेना. गॅसचं बटण घासून घासून चकाचक केलं. चहा-साखर खालच्या फळीवर ठेवली, वरचं काढताना तोल जाईल म्हणून. आता त्यांना वाकावं लागायचं, आणि वाकलं की उठता यायचं नाही.

"वकीलबाई, माझी साखर कुठे नेलीस?"

"तुमच्या सोयीसाठी खाली ठेवलीय."

"माझी सोय वर होती."

"आजोबा, सगळे डॉक्टर हेच सांगतात."

"सगळ्या डॉक्टरांना बोलाव मग साखर काढायला."

शर्ट घालताना ते तिसऱ्या बटणावर असले की मी पुढे होऊन उरलेली चार फटाफट लावून टाकायची. सहा मिनिटं कोण थांबणार? एक दिवस त्यांनी माझा हात झटकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा झटकला. तिसऱ्या दिवशी हात खाली सोडून नुसते उभे राहिले. मी टिक केली: जमत नाही. तीन गुण.

गॅस एकदा चालूच राहिला. टिक. एकदा सकाळच्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या. टिक. चौथ्या आठवड्यात तिसऱ्या चौकोनात नऊ टिका झाल्या. संडासाच्या ओळीत तर मी बघितलंही नव्हतं. पण सत्तावीस गुणांचा आकडा तेवीस-चोवीसपेक्षा कितीतरी देखणा दिसतो.

तक्त्यावर पालकांची सही लागायची. पप्पांनी तो एकदा वाचला, दोनदा वाचला, आणि फोन काढून त्याचा फोटो घेतला.

"अक्षर छान आहे तुझं," ते म्हणाले.

मला आनंद झाला. खरंच झाला. रात्री जेवताना कळलं की तो फोटो ज्येष्ठ निवासाच्या व्यवस्थापक बाईंकडे गेलाय. तिथली एक खोली पप्पा वर्षभर बघत होते. गेल्या वर्षी आजोबा न्हाणीघरात पडले होते आणि आठवडाभर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तेव्हापासूनच. फक्त आजोबा हो म्हणत नव्हते, आणि एवढ्या ठणठणीत माणसाला निवासाच्या बाई घेत नव्हत्या.

"आता लेखी आहे," पप्पा आईला म्हणाले. "आणि तेही लाडक्या नातीच्या हातचं. बोलून दाखवा म्हणावं आता."

शनिवारी बाई आल्या. नीटनेटक्या, हातात फाईल, गोड आवाज. पप्पा, आई, मी आणि त्या, सगळे आजोबांच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसलो. बाईंनी तक्ता पुढे केला. आजोबांनी चष्मा लावला आणि बाराच्या बारा ओळी मोठ्याने वाचल्या. घाई न करता, प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघत. नवव्या ओळीला ते थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "संडासाला जाणं. जमत नाही."

मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"माझ्या नातीने लिहिलंय ना? मग खरंच असणार. वकील आहे ती. ये गं, शर्ट बदल माझा. पाहुण्यांसमोर असा मळका बरा नाही दिसत."

"अण्णा, तमाशा नको," पप्पा म्हणाले.

"तमाशा कसला? पहिलीच ओळ आहे. चल, वकीलबाई."

मी उठले. त्यांनी अंग सैल सोडलं. हात उचलावा तर ओल्या टॉवेलसारखा जड. बाही निघेना. मी ओढली तर त्यांचं डोकं मागे पडलं आणि भिंतीवर टेकलं. त्यांच्या छातीवरचे पांढरे केस, बरगड्यांखालची सैल कातडी, काखेतला वास, सगळं माझ्या तोंडाशी. मला बघायचं नव्हतं आणि बाई तर बघतच होत्या. सात बटणं लावताना दोन चुकीच्या काजांत गेली.

"वेळ लाव ना," ते म्हणाले. "घड्याळ कुठाय तुझं?"

"आजोबा..."

"आता चहा. पेल्याने नाही, चमच्याने. दुसरी ओळ."

आईने चहा केला. मी चमचा त्यांच्या ओठांशी नेला. ते तोंड उघडून बसले, गिळेनात. चहा हनुवटीवरून नव्या शर्टावर ओघळला. मी पुसायला गेले तर म्हणाले, "नीट पूस. मानेखाली राहिलंय. आता नववी ओळ."

"अण्णा, पुरे हो," आई म्हणाली.

"तेवढं नको," बाई घाईने म्हणाल्या.

"का? लिहिलंय तिने. रोज करत असेल. मला आठवत नाही एवढंच. म्हातारपणी विसरायला होतं."

मी तिथेच उभी. वादविवादात पहिली आलेली मी, आणि तोंडातून एक अक्षर फुटेना. खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी माईकचा विचार केला. शपथ, त्या क्षणीसुद्धा माईकचा विचार केला, आणि गप्प राहिले.

आजोबा एकदम सरळ बसले. त्यांचा आवाज खाली आला.

"एकतीस वर्षं मी शिकणाऱ्याच्या शेजारी बसलो. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. गाडी भिंतीवर चालली तरी मी स्टीअरिंगला हात लावला नाही. एकदा हात लावला की तो माणूस कधीच शिकत नाही. कुणाच्याच स्टीअरिंगला लावला नाही मी. ह्याच्याही नाही."

"हात नाही लावलात," पप्पा म्हणाले, "पण जीभ? चार वेळा नापास झालो मी. मागच्या सीटवर तीन मुली बसवून तुम्ही मला गाढव म्हणायचात. बैल म्हणायचात. रोज हसायच्या त्या."

"म्हणून आता तू मला नापास करतोयस."

पप्पांनी तक्ता उचलून बाईंच्या हातात दिला.

"हो," ते म्हणाले. "आणि तुम्हाला चार वेळा बसता येणार नाही."

बाईंनी फाईलमध्ये लिहिलं. पेनाचा आवाज येत होता. उठताना त्या म्हणाल्या, "पूर्ण देखभाल लागेल, असं मी नोंदवलंय. कुणाला काही बदलायचं असेल तर सोमवारी दहाच्या आत ऑफिसात या. नंतर खोली पक्की होईल."

आजोबांनी दाराकडे बघितलंच नाही. चहाचा डाग पडलेला शर्ट तसाच. निघताना मी "येते" म्हणाले. ते म्हणाले, "ये. तुझं काम झालं."

रविवारी दुपारी पप्पा शीळ घालत होते. कपाट कुठे ठेवायचं, पलंग कुणाला द्यायचा, त्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या का, हे आई आणि ते टेबलाशी बसून ठरवत होते. आई हसत नव्हती, पण नाहीही म्हणत नव्हती. मी तीनदा ताटावरून उठले आणि तीनदा बसले. शेवटी उभीच राहिले.

"मला बोलायचंय," मी म्हणाले. "मध्ये कुणी बोलायचं नाही."

"बोला, वकीलबाई," पप्पा म्हणाले, आणि आजोबांचा शब्द आपल्या तोंडी आला म्हणून त्यांचं तोंड वाकडं झालं.

"उद्या सकाळी नऊला मी बाईंच्या ऑफिसात जाणार आहे. तिसऱ्या चौकोनातल्या नऊ टिकांपैकी सात मी गुणांसाठी केल्या. त्या सातांतल्या तीन माझ्यामुळे झाल्या, कारण आजोबांच्या वस्तू मी हलवल्या. संडासाची तर मी निव्वळ मनाने लिहिली. उरलेल्या दोन अर्ध्या खऱ्या आहेत, पायाची नखं आणि पाठ पुसणं, तिथे थोडी मदत लागते. त्याही सांगणार. मग शाळेत जाऊन बाईंना तक्ता परत देणार आणि भाषण पेन्सिलला द्या म्हणणार."

"बस खाली," पप्पा म्हणाले.

"नाही. तुम्ही तुमचं चालू ठेवा, पप्पा, मला नाही म्हणा, ओरडा. मी जाणार. आजोबा माझ्याशी बोलणार नाहीत, हे मला माहितेय. बोलू नयेच त्यांनी. तरी मी जाणार. आई, माझा गणवेश आज धुवायला टाकू नकोस. मी त्यातच जाणार आहे."