कथेखालचं नाव

पोस्टमन दारात आला की शिंप्याच्या सुनेची सुई थांबायची. पण ती जागची उठत नसे. पत्र नवऱ्याच्या नावाचं असायचं. संपादकांचं असलं तर सासूबाई ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं मिरवत. “लेखकसाहेबांचं टपाल आलं हो!”

लेखकसाहेब तेव्हा पाणीखात्यात जावक नोंदी करत बसलेले असत. त्यांनी आयुष्यात रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिलं नव्हतं. रविवारच्या पुरवणीत त्यांच्या नावानं येणाऱ्या कथा शिवणाच्या खोलीमागे, कापडाच्या गठ्ठ्यांत बसून बायको लिहायची.

हे ठरलं होतं नऊ वर्षांपूर्वी, तिची पहिली कथा स्वीकारली गेली त्या दिवशी. “घरंदाज बाईचं नाव पेपरात? चार माणसं चवीनं वाचणार?” म्हणत सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गळ्यातली टेप सारखी करत सासऱ्यांनी निवाडा दिला, “लिहायचं तर लिही. दुपारी एक तास, आतून कडी लावून. कुणी हाक मारणार नाही. खाली नाव मात्र त्याचं.”

तिला त्या तासाची इतकी भूक होती की ती लगेच हो म्हणाली. नावाचं काय एवढं, कथा तर माझीच, असं तेव्हा वाटलं. तासासाठी तिनं दुपारची झोप सोडली, माहेरी राहायला जाणं सोडलं. तास संपला की पुन्हा काजं आणि बटणं.

नवरा वाईट नव्हता. संध्याकाळी हळूच विचारायचा, “अगं, त्या गोष्टीतली म्हातारी शेवटी हसते का? आमचे साहेब विचारत होते.” ती सांगायची. तो दोनदा घोकायचा. तिला हसू यायचं. पुढे पुढे तेही येईना.

एक दिवस दहा वर्षांची लेक शाळेतून रडवेली आली. दप्तर न काढताच भिंतीला टेकून उभी राहिली.

“काय गं, पडलीस?”

“बाई ओरडल्या. निबंध बाबांकडून लिहून घेतलास म्हणाल्या. सगळ्यांसमोर वही दाखवली.”

आईनं वही घेतली. निबंध लेकीचाच होता; त्यातल्या चुकासुद्धा तिच्याच. खाली मात्र गोल अक्षरांत बापाचं नाव.

“हे कशाला लिहिलंस?”

“तू पण असंच लिहितेस ना? चांगलं झालं की बाबांचं नाव घालतात.” लेकीनं नाक पुसलं. “मला वाटलं, मुलींचं असंच असतं.”

आईनं वही मिटली. ती आत गेली. संपादकांनी दिवाळी-दसरा नसतानाही खास मागवलेली नवी कथा तिथं तयार होती. खालचं नवऱ्याचं नाव तिनं खोडलं आणि स्वतःचं लिहिलं. सवय नसल्यानं हात दोनदा अडखळला.

संध्याकाळी तिनं ते पान सगळ्यांसमोर ठेवलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. “अगं, मी खोटा पडेन! ऑफिसात तोंड कसं दाखवू?”

“तुम्ही खोटे पडाल. ही पोर आज शाळेत खरी असून चोर ठरली.”

“मग तास विसर,” सासरे म्हणाले. “कडी काढून टाकतो.”

“काढा, मामंजी.”

त्यांना वाटलं होतं, ती रडेल. कात्रीच्या टोकानं ते स्क्रू सोडवत राहिले, ती शेजारी उभं राहून एकेक स्क्रू हातात घेत राहिली.

पाकीट तिनं आणि लेकीनं मिळून टपालपेटीत टाकलं. महिन्यानं उत्तर आलं. या वेळी पोस्टमननं तिचं नाव वाचलं. सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या. आत छापील चिठ्ठी होती : नवोदित लेखिकांचं साहित्य तूर्त स्वीकारता येत नाही.

नऊ वर्षं त्याच हाताचं लिखाण त्यांनी मागून मागून छापलं होतं.

आता ते दार लागत नाही. “सूनबाई, दोरा कुठाय? सूनबाई, गिऱ्हाईक आलंय!” तिचं एक वाक्य लिहून होईतो चार हाका येतात. ती उठते, दोरा देते, परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करते. शेजारी लेक अभ्यासाला बसते. परवा नवी वही आली, तेव्हा तिनं आधी पहिल्या पानावर आपलं नाव घातलं आणि आईकडे वही सरकवली, “बघ, बरोबर आहे ना?”

रविवारी तुम्ही पुरवणी उघडाल. एखादी कथा आवडली, तर खालचं नाव वाचताना क्षणभर थांबा. आणि मग आपल्या घरातल्या त्या आतल्या खोलीकडे एकदा बघा.